अवकाशावरचा अल्बम फसला की ऐकण्यात चूक?

प्रश्न : आवडत्या प्रोग्रेसिव्ह रॉक (लांब, गुंतागुंतीच्या रचनांचा रॉक) संगीतकाराचा अवकाशावरचा नवा अल्बम ऐकून निराश झालो. वीस-वीस मिनिटांच्या दोनच रचना, तुकडे जोडल्यासारख्या, ड्रम्सही दबलेले. दोष कुठे?

उत्तर : ड्रम्सचं आधी बघू. हेडफोनवर ॲटमॉस मिक्स (आवाज चहूबाजूंनी येतोय असं भासवणारं मिश्रण) वाजत असेल तर स्नेअर, म्हणजे ठोक्याचा खणखणीत ड्रम, मागे सरकू शकतो. ते बंद करून स्टिरिओ लावा. ॲपवर रचना छोट्या भागांत तोडली असेल तर क्रॉसफेड (एक ट्रॅक विरतानाच पुढचा सुरू करणारी सोय) शून्यावर आणा, नाहीतर प्रत्येक सांधा बिघडतो. तरीही ठोका बोथट वाटला, तर सिंथच्या (इलेक्ट्रॉनिक कीबोर्डच्या) थरांवर रिव्हर्बचा, म्हणजे घुमणाऱ्या प्रतिध्वनीचा, मारा जास्त झाला असावा. ‘अवकाश’ उभं करायची ही सोपी वाट, आणि तिनेच घात होतो.

तुकड्यांची तक्रार जास्त गंभीर. पिंक फ्लॉइड या ब्रिटिश बँडचं ‘एकोज’ (1971) साडेतेवीस मिनिटांचं आहे. लेस्ली स्पीकरमधून (आत फिरणाऱ्या भागांमुळे आवाज थरथरवणारा स्पीकर) काढलेला पियानोचा एकच टणत्कार सुरुवातीला येतो आणि वारा, कावळ्यांच्या आवाजानंतर पुन्हा ऐकू येतो. त्या एका सुराने सगळं बांधलं जातं. तुमच्या अल्बममधली पहिली धून गुणगुणून पाठ करा, मग ती कुठल्या मिनिटाला परतते ते लिहून काढा. कुठेच परतली नाही, तर तुमची निराशा रास्त आहे.