गोव्यात फॅमिलीसोबत बीचवर निवांत पिकनिक करायचीय, कचरा न करता, कशी प्लॅन करू?

उत्तर: आधी जागा. शांतता हवी असेल तर कळंगुट-बागा रविवारी नकोच, पेडण्यातलं केरी बघा, तिथे सुरूच्या झाडांची सावली मिळते, फक्त बाजूलाच तेरेखोल नदीचं मुख आहे म्हणून पोरांना पाण्यात खोल जाऊ देऊ नका. निघण्याआधी भरती-ओहोटीची वेळ मोबाईलवर बघाच, साधारण सहा तासांनी पाणी बदलतं, आणि ओल्या वाळूच्या बरंच वर चटई टाका, आम्ही एकदा हे न बघता बसलो आणि जेवणाच्या डब्यापर्यंत लाट आली!

खायला घरूनच न्या, तिथे उघड्यावर शिजवायला आणि दारू प्यायला कायद्याने बंदी आहे, दंड पडतो. पोदेराकडचे (म्हणजे गोव्यातल्या पाववाल्याकडचे) उंडे, म्हणजे गोल पाव, सुकी बटाट्याची भाजी, उकडलेली अंडी, घरी कापलेलं कलिंगड, बस्स. थर्माकोलच्या प्लेटा अजिबात नको, स्टीलचे डबे आणि ताटल्या न्या, खरकटं डब्यातच परत आणायचं. एक रिकामी पिशवी फक्त कचऱ्यासाठी, आणि निघताना वाळूत एकदा नीट बघा, बाटल्यांची झाकणं आणि चॉकलेटचे कागद हमखास राहतात आणि तेच समुद्रात जातं. मोरजी, आगोंद, गालजीबाग इथे कासवं अंडी घालतात, थंडीत तिकडे गेलात तर कुंपण घातलेल्या भागापासून लांब राहा प्लीज.

लाल झेंडा असेल तर पाण्यात उतरू नका. चार नंतर जा, ऊन उतरलेलं असतं.