आधी पुरावा सांभाळा, फुकटचा स्प्रे फोम नंतर बघू

नमस्कार,

तुमचं पत्र नीट वाचलं. डिलिव्हरी व्हॅन घेऊन तुम्ही कॅम्पर (आत राहता-झोपता येईल अशी गाडी) करायला दिलीत, व्हॉट्सअ‍ॅपवर ठरलं होतं की इन्सुलेशनसाठी पत्र्याला क्लोज्ड सेल (बंद बुडबुड्यांची, वाफ आत न घेणारी) नायट्राइल रबरची शीट चिकटवायची, आणि पावसाळ्यात प्लायच्या सांध्यातून पाणी ओघळायला लागलं म्हणून एक कोपरा उचकटून बघितलात तर आत ग्लास वूल, म्हणजे काचेच्या तंतूंचा कापूस. आता वर्कशॉपवाला म्हणतो दोन्ही सारखंच, डिलिव्हरीच्या कागदावर तुमची सही आहे, उरलेला हप्ता द्या आणि गाडी आणून सोडा, मी फुकटात स्प्रे फोम मारून देतो.

आत्ता गाडी नेऊन सोडू नका, प्लीज. स्प्रे फोम फुगून पत्र्याला असा चिकटतो की नंतर खरवडूनच काढावा लागतो, म्हणजे आधी आत काय होतं, पत्रा किती गंजला होता, हे सगळं त्याच्याखाली गाडलं जाणार, आणि दरवाज्यांच्या तळाची पाणी निघायची भोकं बुजली तर गंज अजून वाढणार. दुसरं, कॉन्ट्रॅक्ट अ‍ॅक्टच्या कलम 170 प्रमाणे ज्याने वस्तूवर मेहनत केली त्याला मजुरी मिळेपर्यंत ती वस्तू अडवून ठेवता येते. तुमचा हप्ता बाकी आहे आणि गाडी त्याच्या ताब्यात गेली, तर ती सोडवण्यातच तुमचे महिने जातील. आज गाडी तुमच्या दारात आहे हीच तुमची सगळ्यात मोठी ताकद आहे.

केस कशावर उभी करायची हेही सांगतो, कारण इथे बरेच लोक घसरतात. ग्लास वूल वाईट असतं असं म्हणायला जाऊ नका, उष्णता अडवण्यात दोघांत फार फरक नाही आणि तो डेटाशीट काढून ते लगेच दाखवेल. फरक वाफेचा आहे. श्वासातली, स्वयंपाकाची वाफ वूलमधून आरपार जाते आणि गार पत्र्यावर तिचं पाणी होतं, आतल्या बाजूने व्हेपर बॅरियर (वाफ अडवणारा थर) नसेल तर वूल भिजत राहतं. अंगाला अंग लावून चिकटवलेल्या क्लोज्ड सेल शीटमध्ये वाफेला पत्र्यापर्यंत जायला वाटच नसते. म्हणून तुमचं म्हणणं एवढंच, की ठरलेलं मटेरियल लावलं नाही आणि जे लावलं तेही बॅरियरशिवाय लावलं. ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये याला सेवेतली त्रुटी म्हणतात. हप्ता बाकी असला तरी तुम्ही ग्राहकच आहात, कायद्यात अर्धवट दिलेले आणि अर्धवट कबूल केलेले पैसे चालतात. आणि डिलिव्हरीची सही प्लायच्या मागे न दिसणाऱ्या दोषाला लागू होते असं मला तरी वाटत नाही.

आता करायचं काय तर आधी लेखी नोटीस, स्पीड पोस्टने आणि ईमेलने, की अमुक तारखेला पॅनल उघडणार आहोत, या आणि बघा. तो येवो न येवो, स्वतंत्र ऑटोमोबाइल इंजिनिअर किंवा सर्व्हेअरसमोर उघडा, सलग व्हिडिओ काढा, जाडी मोजा, तुकडा पिशवीत सील करून त्यावर सह्या घ्या. पाणी वाफेचं आहे का रूफ व्हेंटच्या (छतातल्या हवेच्या झरोक्याच्या) सीलमधून गळतंय हे रिपोर्टमध्ये लिहून घ्याच, समोरचा वकील पहिला हाच प्रश्न विचारेल (छताला भोक त्यानेच पाडलं असेल तर गळतीही त्याचीच म्हणा). चॅट डिलीट करू नका, फोनही बदलू नका, चॅट पुरावा म्हणून द्यायला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं, सर्टिफिकेट जोडावं लागेल.

एकदा हे झालं की ओलं वूल लगेच काढून टाका, कॉन्ट्रॅक्ट अ‍ॅक्टच्या कलम 73 प्रमाणे जे नुकसान तुम्हाला टाळता आलं असतं ते भरून मिळायला अडचण येते. नवीन कामाच्या क्वोटेशनमध्ये मटेरियलचं नाव, जाडी, चिकटवायची पद्धत आणि आयएस 15061 (गाडीतलं मटेरियल किती पेट घेतं याचं भारतीय मानक) चा आगीचा टेस्ट रिपोर्ट लिहून घ्या. हेच क्वोटेशन नुकसानभरपाईचा आकडा ठरवायला कामी येईल. तक्रार तुम्ही राहता तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात करता येते, मुदत 2 वर्षं, आणि कामासाठी दिलेला मोबदला 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही. गाडी भाड्याने द्यायचा विचार असेल तर मला आधी सांगा, मग वापर धंद्यासाठी म्हणून तुम्ही ग्राहक आहात का यावरच वाद होईल.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत पण ती तुमच्यावर उलटू शकते. आरसीवर अजून डिलिव्हरी व्हॅनच आहे. आतलं इन्सुलेशन एवढ्यानं बिघडत नाही, पण बेड, सीट, वजन, बॉडी टाइप बदलला की मोटार वाहन कायद्याचं कलम 52 (गाडीतल्या बदलांवरची बंधनं) येतं, आणि परवानगीशिवाय बदल केला तर 182अ(4) खाली मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा 6 महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. तक्रार दाखल करायच्या आधी आरटीओत जाऊन हे मार्गी लावा, इन्शुरन्स कंपनीलाही लेखी कळवा, आणि नोटिसीचा मसुदा पाठवण्याआधी मला दाखवा.