पेपर लावायचं हत्यार आणि उलटा आकडा

प्रश्न : निफाड तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. थॉमसन जातीच्या घडांना पिंक बेरी येऊ नये, म्हणजे मणी गुलाबी पडू नयेत म्हणून थंडीत पेपर लावतो. त्यासाठी मी एका हातात मावणारं हत्यार केलंय. दाबलं की पेपर घडाभोवती बसतो आणि क्लिप लागते. आधी पेपर निसटायचा. आमच्याकडे सुरगाण्याहून मजुरांची टोळी येते, त्यातल्या एका ताईंनी हत्याराचा हूक दाखवून 'आकडा उलटा लावून बघा' म्हटलं, तेव्हापासून नीट चालतंय. पुढच्या महिन्यात कृषी प्रदर्शनात स्टॉल घ्यायचाय, अंबडच्या एका वर्कशॉपला नग करायला द्यायचेत. टोळ्या आणि बागायतदार यांची गाठ घालून देणारं ॲपही डोक्यात आहे. कल्पना चोरीला जाऊ नये म्हणून काय करू? मित्र म्हणतो, सगळं लिहून स्वतःच्याच पत्त्यावर पोस्टानं पाठव आणि पाकीट फोडू नको.
— एक वाचक, निफाड तालुका

उत्तर : पाकीट फोडा नाहीतर ठेवा, पेटंट कार्यालयाला त्याच्याशी देणंघेणं नाही. तिथं अर्ज दाखल केल्याची तारीख चालते.

स्टॉल मात्र थांबवा. दुधानं तोंड पोळलेला माणूस आहे मी. पेटंट एजंट होण्याआधी मी कांद्याची पात कापायचं यंत्र केलं होतं. ते प्रदर्शनात मांडलं, गुलाबी कागदावर पत्रकं छापली, त्यावर तारीख, यंत्राची आकृती, इतकंच काय पात्याचा कोनसुद्धा! अर्ज केला चार महिन्यांनी. मंजुरीआधी एका स्पर्धकानं हरकत घेतली आणि पुरावा म्हणून जोडलं माझंच पत्रक. चार घड्या पडलेलं, कोपऱ्यावर चहाचा डाग. अर्जाआधी चारचौघांत आलं की ते नवं राहत नाही. केंद्र सरकारनं राजपत्रात जाहीर केलेल्या प्रदर्शनांना १२ महिन्यांची सवलत आहे, पण तुमचं प्रदर्शन त्यात बसतं असं गृहीत धरू नका.

आधी 'प्रोव्हिजनल' म्हणजे प्राथमिक अर्ज करा. ऑनलाइन केलात तर व्यक्तीला सरकारी फी १६०० रुपये. मग १२ महिन्यांत पूर्ण तपशील द्यायचा. नाही दिला तर अर्ज सोडून दिला असं धरतात. अर्ज क्रमांक हातात आला की खुशाल स्टॉल लावा. शेतीच्या पद्धतीला आपल्याकडे पेटंट मिळत नाही, म्हणून 'पेपर लावण्याची पद्धत' असं लिहू नका. हत्यार लिहा : जबडा, स्प्रिंग, आकडा. जे या अर्जात नाही, त्याला ही तारीख मिळत नाही. टोळीकडून बागेत चालवून पाहिलंत, तेही एजंटला सांगा. चाचणीपुरत्या वापराला कायद्यात वेगळी सवलत आहे, पण तिच्या आधारावर लढायची वेळ कशाला आणायची?

वर्कशॉपशी गोपनीयतेचा करार करा, मराठीत केलात तरी चालेल. काय दाखवलं, कधी, कोणत्या कामापुरतं, एवढं त्यात स्वच्छ हवं. २००३ मध्ये झी टेलिफिल्म्स विरुद्ध सनडायल कम्युनिकेशन्स या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयानं विश्वासानं सांगितलेल्या मालिकेच्या संकल्पनेलाही संरक्षण दिलं होतं. मात्र 'असलं हत्यार जन्मात बनवणार नाही' अशी ओळ त्यांच्याकडून लिहून घेऊ नका. कुणाला धंदा करण्यापासून अडवणारा करार कलम २७ रद्द मानतं, करार कायद्याच्या त्या कलमापुढं ती टिकणं कठीण.

ॲपबद्दल बिनधास्त बोला. धंद्याची नुसती कल्पना पेटंटमध्ये बसत नाही. कॉपीराइट मिळतो तो लिहिलेल्या कोडला. कोणता मुकादम शब्दाला जागतो आणि कोणता उचल घेऊन गायब होतो, ही तुमच्या वहीतली माहिती खरं भांडवल. ती वही कुणाच्या हाती देऊ नका.

आता तुम्ही ओघात लिहून गेलात त्या वाक्याकडे येतो. तुम्हाला भीती वर्कशॉपची वाटते. पण हत्यारात नवं जे काही आहे ते उलट्या आकड्यातच असेल, तर ते सुचलं कुणाला? अर्जाच्या फॉर्म १ वर खऱ्या शोधकाचं नाव द्यावं लागतं. ताईंचं नाव गाळलंत तर 'शोध दुसऱ्याकडून घेतला' अशी हरकत येऊ शकते, मिळालेलं पेटंटही रद्द होऊ शकतं. 'त्यांनी नुसतं सुचवलं हो' असं तुम्ही म्हणाल. हा 'नुसतं' माझ्या टेबलावर फार वेळा आलाय.

दोघं मिळून अर्ज करा. किंवा त्यांना शोधक म्हणून दाखवून मोबदला ठरवा आणि हक्क लेखी तुमच्या नावावर करून घ्या. कागद त्यांच्या घरच्या कुणाला तरी शेजारी बसवून वाचून दाखवा, अंगठ्यापुरता पुढे सरकवू नका. टोळी बाग उरकून सुरगाण्याला निघायच्या आत हे व्हायला हवं. पत्रात तुम्ही त्यांचं नाव लिहिलेलं नाही. अर्जावर पूर्ण नाव आणि पत्ता लागतो; आधी ते विचारून घ्या.