घरातलं बोन्साय: वाचकांचे प्रश्न

भेट मिळालेलं ज्युनिपरचं बोन्साय टीव्हीजवळ ठेवलं होतं. रोज दोन चमचे पाणी घालत होते. दोन महिने हिरवंगार होतं आणि आठवड्याभरात तपकिरी पडलं. वाचेल का? (ठाणे)

ते आठवड्याभरात गेलेलं नाही, बहुधा त्याआधीच गेलं होतं. सूचिपर्णी झाडाची मुळं मेली तरी पाला कित्येक आठवडे हिरवा दिसतो, त्यामुळे फसगत होते. फांदीची साल नखानं जराशी खरवडून बघा. आत ओलसर हिरवं दिसलं तर धुगधुगी आहे. कोरडं, तपकिरी असेल तर नाद सोडा.

कुंडीतले वरचे खडे हलतात का, तेही पाहा. वाहतुकीत सांडू नयेत म्हणून ते बऱ्याचदा चिकटवून टाकतात. मग पाणी कडेनं निघून जातं आणि मधला मातीचा गोळा कोरडाठाक राहतो. चमच्यानं पाणी घालणंही चूकच. वरची माती बोटाला सुकी लागली की तळाच्या भोकातून पाणी बाहेर येईपर्यंत घालायचं, नाहीतर घालायचंच नाही.

खरं तर ज्युनिपर हे घरातलं झाडच नव्हे. त्याला रोज काही तास थेट ऊन लागतं आणि हिवाळ्यात विश्रांतीपुरती थंडी. ठाण्यात ती कुठून आणणार? ‘इनडोअर’ म्हणून ते विकणाऱ्याचं मी तरी ऐकणार नाही.

मग घरात टिकेल असं सदाहरित बोन्साय कोणतं? (पुणे)

नांद्रुक. वडा-पिंपळाच्याच कुळातलं, आपल्या हवेला सरावलेलं. नर्सरीत ‘फायकस’ म्हणून मागा. घरात म्हणजे खिडकीपासून हातभर अंतरावर. कोपऱ्यातल्या टीपॉयवर नाही. जागा बदलली की ते पानं गाळतं. तेव्हा घाबरून पाणी वाढवू नका, कारण पानं कमी झाली की पाणीही कमीच लागतं. निम्मी झाडं याच मायेपोटी कुजतात.

कुंडी दोन-तीन वर्षांनी बदला, पावसाळ्याच्या तोंडावर. नुसती काळी माती उथळ कुंडीत चिखल धरून बसते. विटांचे बारीक तुकडे, जाड वाळू आणि थोडं कुजलेलं शेणखत घ्या. छाटताना निघणारा पांढरा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका.

नाताळात आणलेल्या कुंडीतल्या ख्रिसमस ट्रीच्या खालच्या फांद्या वाळताहेत. शेंडा छाटला तर खाली फुटवे येतील का? (वसई)

मुळीच छाटू नका. हा अरॉकेरिया, मूळचा पॅसिफिकमधल्या नॉरफोक बेटावरचा. शेंडा गेला की त्याचा सरळ, थरांचा डौल कायमचा मोडतो आणि गळालेल्या खालच्या फांद्या काही परत येत नाहीत. त्या वाळतात त्या बहुतेक वेळा उजेड कमी पडल्यानं किंवा मुळं कोरडी राहिल्यानं. झाड एसीच्या झोतातून हलवा, उजेडात ठेवा आणि दर आठवड्याला कुंडी थोडी फिरवा, नाहीतर ते एका अंगाला कलतं.

पाल्यावर बारीक फिकट ठिपके पडलेत. धूळ आहे की रोग? (नाशिक)

पांढरा कागद खाली धरून फांदी झटका. पडलेले कण चालू लागले तर लाल कोळी, म्हणजे पानांचा रस शोषणारी बारीक कीड. बंद, कोरड्या हवेत तो फोफावतो. झाड न्हाणीघरात नेऊन पानांच्या खालच्या बाजूनं पाण्याचा फवारा मारा. दोन-तीन दिवसांनी पुन्हा. तरीही हटला नाही तर निंबोळी तेल फवारा, पण ऊन उतरल्यावर.