मान पेशंटची वळवा, स्वतःची नको

दातांचे डॉक्टर आणि असिस्टंट यांचे अंगदुखीचे प्रश्न, आणि प्रत्येकाखाली माझं उत्तर.

कॉलेज रोडवर माझं दातांचं क्लिनिक आहे. वय ३८. रोज तीन-चार रूट कॅनॉल होतात. संध्याकाळी मान आणि उजवा खांदा दगडासारखे होतात. एक्स-रे नॉर्मल आहे. काम करतानाचा व्हिडिओ पाठवला आहे. मग दुखतं कशानं?

तुम्ही पाठवलेल्या व्हिडिओतच उत्तर आहे. काम वरच्या मागच्या दाढेचं आणि पेशंट अर्धवट बसलेला. ती दाढ दिसावी म्हणून तुमची हनुवटी जवळजवळ छातीला टेकली आहे, उजवं कोपर हवेत आहे. डोक्याचं वजन साधारण ५ किलो. मान वाकेल तसा तो भार मागच्या स्नायूंवर येतो, आणि तुम्ही तशाच अर्धा-अर्धा तास बसता. एक्स-रेत हाडं दिसतात, शिणलेला स्नायू नाही.

वरच्या दाढांसाठी पेशंटला पूर्ण आडवं करा (दिवस भरत आलेल्या बाईला किंवा दम लागणाऱ्याला मात्र नको) आणि आरशातून बघा. तोंड तुमच्या कोपराच्या उंचीला हवं. "मान जरा माझ्याकडे वळवा" म्हणायला संकोचू नका. बहुतेक डॉक्टर इथंच भिडेखातर गप्प बसतात, याचं मला फार वाईट वाटतं.

इंटर्नशिप चालू आहे. रात्री अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर होतात, हात झटकला की बरं वाटतं. व्यायाम सांगाल?

आधी तपासून घ्या. मनगटात मीडियन नस दाबली जात असेल, तर असंच होतं. रात्री मनगट सरळ ठेवणारा स्प्लिंट लावून झोपा. स्केलरला (दातांवरचं कीटण खरवडायच्या हत्याराला) धार आहे का तेही बघा, बोथट असेल तर चिमटीचा जोर नकळत जास्त लागतो. जाड, हलक्या दांड्याची हत्यारं घ्या, ग्लोव्ह्ज घट्ट नकोत. चिमटीतून वस्तू सुटू लागली, तर एक दिवसही थांबू नका.

लूप्स (भिंगाचा चष्मा) घेतल्यावर मानदुखी थांबेल का?

तुमच्या बसण्याचं माप घेऊन बनवले तर फायदा होतो. नजरेचा कोन चुकला, तर तेच लूप्स मान आणखी वाकवतात. मित्राचे वापरू नका.

नाशिकरोडला डेंटल असिस्टंट आहे. दिवसभर उभ्यानं, वाकून सक्शन (तोंडातलं पाणी ओढणारी नळी) धरते. कंबर गेली. आम्हा असिस्टंटसाठी काही आहे का?

आहे, ताई. तुम्हालाही स्टूल हवं: डॉक्टरांच्या स्टुलापेक्षा १०-१५ सेंमी उंच, पाय टेकायला खाली रिंग असलेलं. म्हणजे न वाकता तोंडात दिसेल. दोन पेशंटच्या मध्ये कमरेवर हात ठेवून हळूच मागे झुका. पायात मुंग्या येत असतील, तर आधी डॉक्टरांना दाखवा. आणि स्टुलाचं बोलायला अवघड वाटलं, तर हे उत्तर तुमच्या सरांना वाचायला द्या.