आधी पॉलिसी परत करा, मग कॉलेजचं बघू

कोल्हापूरहून एका ताईंचं पत्र आलंय. मुलगी बारावी कॉमर्सला आहे, अभ्यासात चांगली. तिला अर्थशास्त्र शिकायचंय, आणि तेही अशा ठिकाणी जिथे देशभरातली, वेगवेगळ्या भाषा बोलणारी, वेगवेगळ्या परिस्थितीतून आलेली मुलं असतील. "बालवाडीपासून तेच चेहरे बघतेय," असं तिचं म्हणणं. तिने उत्तरेतलं एक खासगी विद्यापीठ पसंत केलंय. वसतिगृहासह वर्षाला साडेअकरा लाख, अभ्यासक्रम चार वर्षांचा. ताई विचारतात: पाठवावं का? यजमानांचा पीएफ आणि शैक्षणिक कर्ज मिळून भागेल का? शेवटी जाता जाता लिहिलंय, "कर्जाची चौकशी करायला बँकेत गेलो तेव्हा मुलीच्या शिक्षणासाठी एक पॉलिसी घेतली. तिचे कागद येऊन १९ दिवस झाले. तिचाही उपयोग होईल."

ताई, तुमच्या प्रश्नाकडे येतोच, पण आधी ही पॉलिसी, कारण ती परत करायला तुमच्या हातात ११ दिवस उरलेत.

तुम्ही पाठवलेला तक्ता पाहिला. वर्षाला दीड लाख, दहा वर्षं भरायचे, म्हणजे एकूण १५ लाख. पंधराव्या वर्षाअखेरीस २४ लाख मिळणार. "१५ चे २४" ऐकायला बरं वाटतं. पण वर्षाचा परतावा काढला तर तो साडेचार टक्क्यांच्या आसपास येतो, म्हणजे बँकेच्या साध्या मुदत ठेवीहूनही कमी. आणि पंधरा वर्षांनी तुमची मुलगी ३२ वर्षांची असेल, धाकटा २७ चा. दोघांपैकी एकाच्याही फीला यातला एक रुपया वेळेवर मिळणार नाही. पॉलिसीच्या नावात 'शिक्षण' आहे, एवढाच तिचा शिक्षणाशी संबंध. बारावीतल्या मुलीच्या आईवडिलांना, ते कर्ज मागायला आलेले असताना, समोर बसून ही पॉलिसी विकली गेली याचा मला मनापासून राग येतो.

"पॉलिसी घेतली तर कर्ज लवकर मंजूर होईल" असंही सांगितलं, असं तुम्ही लिहिता. विमा घेतल्याशिवाय कर्ज नाही, अशी अट बँकेला घालता येत नाही.

आता काय करायचं ते सांगतो. पॉलिसीचे कागद हाती पडल्यापासून ३० दिवसांत ती कारण सांगून परत करता येते. याला फ्री लुक म्हणतात. मधल्या दिवसांच्या विमा संरक्षणाचा खर्च, मुद्रांक शुल्क आणि वैद्यकीय तपासणी झाली असल्यास तिचे पैसे कापून बाकीचा हप्ता परत मिळतो. अर्ज बँकेत देऊ नका. तिथे "साहेब रजेवर आहेत", "पुढच्या आठवड्यात बघू" होतं आणि मुदत निघून जाते. विमा कंपनीच्या शाखेत जा. अर्जावर पॉलिसी नंबर, कागद मिळाल्याची तारीख आणि "फ्री लुकमध्ये रद्द करावी" हे शब्द लिहा, सोबत रद्द केलेला चेक जोडा, आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय उठू नका. तोच अर्ज ईमेलनेही पाठवा. पडताळणीच्या फोनवर यजमानांनी सगळ्याला "हो" म्हटलं होतं म्हणून हा हक्क जात नाही. कंपनीने दाद दिली नाही तर विमा नियामकाच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर तक्रार करता येते, त्यानंतर विमा लोकपाल आहेत, त्यांचं कार्यालय पुण्यात आहे. पण मुदत उलटली तर भरलेल्या दीड लाखातलं फारसं हाती लागायचं नाही.

दुसरी गोष्ट तुम्ही विचारलीच नाहीत. यजमान ४९ वर्षांचे, घर मुख्यतः त्यांच्या पगारावर चालतं, गृहकर्ज १४ लाख बाकी आहे, आणि जुन्या तिन्ही पॉलिसी मिळून विमा ९ लाखांचा. उद्या काही विपरीत झालं तर ते ९ लाख कर्जात जातील, वर ५ लाख देणं राहील, आणि दोन्ही मुलांचं शिक्षण तिथेच अडेल. १ कोटीचा साधा टर्म विमा, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच घरच्यांना पैसे देणारा, वयाच्या साठीपर्यंतचा, त्यासाठी याच आठवड्यात अर्ज करा. या वयाला हप्ता वर्षाला तीस-चाळीस हजारांच्या घरात येईल. जुन्या पॉलिसी दोन वर्षांत संपतायत, त्या चालू राहू द्या.

आता विद्यापीठ. फी दरवर्षी सात टक्क्यांनी वाढली तर चार वर्षांचे ५१ लाख होतात. तुमच्याकडे सुकन्या खात्यात ९ लाख आहेत. ते पैसे लग्नापर्यंत अडकलेत असं तुम्ही समजता, तसं नाही. दहावी झाल्यावर उच्च शिक्षणाच्या फीसाठी मागच्या आर्थिक वर्षअखेरच्या शिलकीच्या निम्म्यापर्यंत रक्कम काढता येते. ते साडेचार लाख, एफडीचे ६, आणि आज महिन्याला १७ हजार उरतात ते चार वर्षं जपले तर ८. बेरीज साडेअठरा लाख. खड्डा ३२ लाखांचा.

हा खड्डा कर्जाने भरला तर साडेसात लाखांच्या वर बँक साधारणपणे तारण मागते, आणि तुमचं घर आधीच गहाण आहे. तरी मिळालं असं धरू. साडेदहा टक्क्यांनी दहा वर्षांसाठी महिन्याला ४३ हजारांचा हप्ता, शिकत असतानाचं व्याज वेगळं. फेड सुरू होईल तेव्हा यजमान ५४ चे, संपेल तेव्हा ६४ चे, आणि निवृत्ती ५८ ला. "तिला २० लाखांचं पॅकेज मिळेल" या भरवशावर हे कर्ज काढू नका. ती आशा आहे, उत्पन्न नव्हे.

पीएफला तर हातच लावू नका. शिक्षणासाठी सगळी रक्कम तशीही निघत नाही, अटी असतात. पण मुद्दा वेगळा आहे. आजचे २४ लाख सव्वाआठ टक्क्यांनी नऊ वर्षांत ४८-४९ लाख होतात, आणि तुम्हा दोघांच्या म्हातारपणाला दुसरं काही साठवलेलं नाही. त्यात ती पदवी घेऊन बाहेर पडेल त्याच वर्षी धाकटा बारावीला असेल.

म्हणून मुलीची इच्छा मोडायची का? अजिबात नाही. सतराव्या वर्षी आपल्या वर्तुळाबाहेरची माणसं भेटावीत असं वाटणं ही चैन नव्हे, ती शिक्षणाची अर्धी बाजू आहे. फक्त ती जे शोधतेय ते साडेअकरा लाखांत मिळतंच असं समजू नका. तिथे मुलं वीस राज्यांतून आली असतील, पण बहुतेक एवढी फी भरू शकणाऱ्याच घरांतली. वेगवेगळ्या परिस्थितीतली मुलं तिला केंद्रीय विद्यापीठांत जास्त भेटतील. तिथे अनुसूचित जातींना १५ टक्के, जमातींना साडेसात, ओबीसींना २७ आणि आर्थिक दुर्बल घटकांना १० टक्के जागा राखीव असतात, आणि फी कमी असल्याने शेतमजुराची मुलगी आणि डॉक्टरची मुलगी एकाच वर्गात बसू शकतात.

हे माझ्या शब्दावर घेऊ नका. केंद्र सरकारच्या एनआयआरएफ क्रमवारीत भाग घेणाऱ्या संस्थेला आपली माहिती स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवावी लागते. त्या तक्त्यात राज्यातली मुलं किती, बाहेरची किती, परदेशी किती, आर्थिक दुर्बल किती, सामाजिकदृष्ट्या मागास किती, कितीजणांची पूर्ण फी माफ झाली आणि ती कोणी भरली, सगळं आकड्यांत असतं. माहितीपुस्तिकेतले हसरे फोटो बाजूला ठेवून मुलीने हे तक्ते शेजारी शेजारी मांडावेत. खालीच नोकरी लागलेल्यांचा मधला पगारही दिलेला असतो, म्हणजे निम्म्यांना त्याहून कमी मिळतो. २० लाखांचं काय ते तिथेच कळेल.

दिल्ली विद्यापीठात प्रवेश २०२२ पासून सीयूईटीच्या, म्हणजे विद्यापीठांच्या देशपातळीवरच्या सामायिक प्रवेश परीक्षेच्या गुणांवर होतो. अर्थशास्त्र ऑनर्सला गणित लागतं. तिने अकरावीत एस. पी. (सेक्रेटरियल प्रॅक्टिस) न घेता गणित घेतलं हे फार बरं झालं, एस. पी. घेणाऱ्या कित्येक मुलींचा हा रस्ता तिथेच बंद होतो. सीयूईटी एनसीईआरटीच्या पुस्तकांवर असते, तेव्हा राज्य मंडळाच्या पुस्तकांसोबत तीही आजपासून हातात हवीत. हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठात अर्थशास्त्राचा पाच वर्षांचा एकत्रित एम. ए. आहे, आणि ते कोल्हापूरला दिल्लीपेक्षा बरंच जवळ. पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटचाही अर्ज भरा.

दिल्लीत खोली, जेवण, फी, येणं-जाणं धरून वर्षाला ३ लाख पकडा. हैदराबादला वसतिगृह मिळालं तर त्याहून बरंच कमी. आता हिशेब बघा. आज १७ हजार उरतात, परत केलेल्या पॉलिसीचे महिन्याला साडेबारा वाचतात, टर्मचे ३ जातात. राहिले साडेसव्वीस हजार, म्हणजे वर्षाला ३ लाख २० हजारांच्या आसपास. कर्ज नाही, पीएफ शाबूत, एफडी अडीअडचणीला तशीच, आणि सुकन्या पुढच्या शिक्षणाला. त्या पॉलिसीचा एक हप्ता म्हणजे मुलीचं दिल्लीतलं अर्धं वर्ष होतं.

खासगी विद्यापीठाचा अर्जही भरू द्या, पण आर्थिक मदतीच्या अर्जासकट. अशोका, अझीम प्रेमजी अशी काही विद्यापीठं घरची परिस्थिती पाहून फीत सूट देतात, कधी पूर्णही. मदत मिळेल असं धरून मात्र काही ठरवू नका, लेखी पत्र येऊ द्या. सूट वजा जाता सगळा खर्च वर्षाला सव्वातीन लाखांच्या आत बसला तर आनंदाने पाठवा. पाचपर्यंत गेला तर फरकापुरतं, म्हणजे चार वर्षांचं मिळून सातएक लाखांचं कर्ज मुलीच्या नावावर काढा, तेवढं ती फेडू शकेल. त्याच्या वर गेला तर नाही म्हणायचं, आणि ते तुम्ही दोघांनी तिच्यासमोर हाच हिशेब मांडून म्हणायचं. अर्थशास्त्र शिकायला निघालेल्या मुलीला घरचे आकडे माहीत असायलाच हवेत.