वीस एकरांवर सेंटर पिव्होट बसवावे का?

प्रश्न : सिन्नर तालुक्यात आम्हा भावांची वीस एकर सलग, चौकोनी जमीन असून तीत गहू, सोयाबीन व कांदा घेतो. परदेशात वापरतात तसे, शेताच्या मध्यबिंदूभोवती गोल फिरून पिकाला पाणी देणारे सेंटर पिव्होट यंत्र बसवावे का?

उत्तर : घाई करू नये, असे मला मनापासून वाटते. अमेरिकेत फ्रँक झायबाख यांना १९५२ मध्ये पेटंट मिळालेले हे यंत्र तिथल्या १६० एकरांच्या चौकोनांत रुळले. आपल्या चौकोनात मात्र त्याच्या वर्तुळाखाली जेमतेम १५.७ एकर भिजेल आणि चारही कोपऱ्यांसाठी वेगळी सोय करावी लागेल. शिवाय त्याचा फिरता लांब पाइप चाकांच्या मनोऱ्यांवर तोललेला असतो; बाहेरचा मनोरा प्रत्येक फेरीत आतल्यापेक्षा कितीतरी जास्त क्षेत्र ओलांडत असल्याने टोकाकडची नोझल मोठी ठेवावी लागतात, तिथे पाणी थोड्या वेळात जोरात पडते, आणि जमीन भारी काळी असेल तर ते मुरण्याआधीच वाहून चाके चाकोरीत रुततात. वाटेत विहीर किंवा विजेचा खांब असल्यास पूर्ण फेरीही होत नाही. गहू-सोयाबीनला साधे तुषार संच आणि कांद्याला गादीवाफ्यावर ठिबक, हेच मी सुचवेन. तरीही पिव्होटचा विचार असेल, तर आधी एप्रिल-मेमध्ये विहिरीचा उपसा मोजून घ्यावा.